तिसऱ्यांदा विचारलं तर

रस्ता शेळ्यांनी अडवला होता. पावसात भिजलेल्या, पांढऱ्याशुभ्र, आणि कुणाच्या बापाला न भिणाऱ्या शेळ्या. त्यातल्या एकीने तर मॅटी किन्सेलांच्या गाडीच्या बॉनेटवर पुढचे दोन्ही पाय टेकवले आणि आत बसलेल्या चौघांकडे ती अशी निवांत बघत राहिली, जणू वऱ्हाड तिच्याच दारी आलंय.

शेळ्यांच्या मागे एक तरुण उभा होता. मॅटींनी स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. वेक्सफर्ड असो नाहीतर क्लेअर, आडगावच्या रस्त्यावर समोरच्याला तेवढं केलं की पुरे, नमस्कार पोचतो. त्या तरुणाने मात्र अख्खा हात वर करून हलवला.

"हा इथला नाही," मॅटींनी निकाल देऊन टाकला.

"नाहीतर बुडत असेल," मागून फिलोमिना आत्या म्हणाली.

मुरिनने बाहीने काच पुसली, आणि नेमका त्याच वेळी तो तिच्या खिडकीशी वाकला. केसांतून पाणी निथळत होतं, पापण्यांवर थेंब अडकले होते, आणि डोळे... बाई गं, ते डोळे इतके सरळ बघत होते की मुरिनला उगाचच आपल्या स्वेटरवरचा जॅमचा डाग आठवला.

"किन्सेला मंडळी ना? खोल्या तयार आहेत. माझ्या मागून या." मग तो हसला. "म्हणजे आधी शेळ्या, मग मी, मग तुम्ही."

"चला, पायरी कळली आपली," आत्या पुटपुटली. मुरिनला हसू आवरेना. हसताना तिने वर पाहिलं, तर तो अजून तिथेच वाकलेला. पाऊस कॉलरमधून पाठीवर उतरत होता, त्याचं त्याला भान नव्हतं.

किन्सेला मंडळी निघाली होती मेयोला, डोनलच्या लग्नाला. डोनल म्हणजे मुरिनचा धाकटा भाऊ. वेक्सफर्ड देशाच्या एका कोपऱ्यात, तर याने बायको शोधली ती थेट दुसऱ्या कोपऱ्यात. मॅटींना ते काही रुचलं नव्हतं. "हर्लिंग खेळताना काठी कुठून धरतात ते ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यात माझा पोरगा नांदायला जाणार," असं ते सांगत सुटले होते. पण एकदा जायचं ठरल्यावर, वर्षानुवर्षं स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांतून मान वर न काढलेल्या या माणसाने हट्टच धरला की जाऊ तर रमतगमत जाऊ, गावं बघत जाऊ. गाडीची डिकी नव्या बटाट्यांनी आणि जॅमच्या बाटल्यांनी भरलेली. मेयोत बटाटे कसले मिळणार, असा त्यांचा सवाल. शेजारी बसलेली ब्रीडा, म्हणजे मुरिनची आई, नकाशा उलटा धरून त्यांना रस्ता सांगायची, आणि ते तो न ऐकता बरोबर पोचायचे.

आणि आत्याच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला बाळयेशू. लाल झगा, डोक्यावर मुकुट, हातात पृथ्वीचा गोळा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हा बाळयेशू बाहेर कुंपणाखाली ठेवायचा, की दुसऱ्या दिवशी पाऊस पडत नाही. त्यातही ज्याची मान एकदा मोडून चिकटवलीय तो जास्त पावतो. मात्र मान आपणहून मोडायला हवी. मुद्दाम मोडली तर उपयोग नाही. आत्याच्या बाळयेशूची मान धूळ झटकताना मोडली, असं ती शपथेवर सांगायची. गावात कुणाचाही त्यावर विश्वास नव्हता. आता मेयोचा पाऊस म्हणजे साधासुधा नव्हे, म्हणून तिने वेक्सफर्ड सोडल्यापासून त्याला रोज संध्याकाळी बाहेर ठेवायचं चालवलं होतं.

"सवय होऊ दे त्याला," ती म्हणायची.

क्लेअरमधलं ते मुक्कामाचं घर छान होतं. दगडी, बसकं, दाराशी फुशियाचं लाललाल कुंपण. आत शेगडीत पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळत होती आणि त्याचा तो मातकट, उबदार वास घरभर पसरला होता. चौघं ओळीने सोफ्यावर बसली. दिवसभराचा प्रवास झालेला, घशाला कोरड. इतक्यात तो तरुण भली मोठी किटली घेऊन आला. टायग कॉन्सिडिन त्याचं नाव.

"चहा घेणार?"

"छे छे, कशाला उगाच," ब्रीडा म्हणाली.

"आम्ही अगदी ठीक आहोत," मॅटी म्हणाले.

"माझ्यासाठी तर मुळीच नको," आत्या म्हणाली, आणि किटलीच्या तोटीतून निघणाऱ्या वाफेकडे बघत राहिली.

"बरं," टायग म्हणाला आणि किटली घेऊन आत निघून गेला.

चौघांच्या माना किटलीच्या मागोमाग वळल्या.

"गेला," आत्या म्हणाली.

"चहा घेऊन गेला," मॅटी म्हणाले. एवढ्या आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं त्यांनी.

"आईबापांनी काही शिकवलंच नाही म्हणायचं," ब्रीडा हळूच म्हणाली. "मुरिन, बघ गं जरा... पण मागू नकोस हं. बरं दिसत नाही."

म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. मुरिन स्वयंपाकघरात गेली, दाराच्या चौकटीला टेकली. टायग चीजच्या गोळ्यांना मीठ चोळत होता. बाह्या वर सारलेल्या, बोटं पांढरी झालेली. किटली बाजूलाच होती.

"मी म्हटलं... काही मदत हवी असेल तर," ती म्हणाली.

"नाही, झालंच." त्याने वर पाहिलं. "तुला चहा हवाय का?"

"नको."

निघून गेला शब्द तोंडातून. जिभेला वळणच तसं.

"बरं," म्हणून तो पुन्हा मिठाकडे वळला. मुरिन तिथेच उभी. किटलीकडे बघतेय, खिडकीकडे बघतेय, पुन्हा किटलीकडे. शेवटी तिचा धीर सुटला.

"तू आणखी दोनदा विचारायला हवंस," ती म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? पहिला नकार रीतीचा. दुसरा मानाचा. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, 'बरं, तुम्ही करतच असाल तर अर्धा कप.' जगरहाटी आहे ही."

"आणि ज्याला खरंच नको असेल, त्याने काय करायचं?"

"त्याने प्यायचा," मुरिन म्हणाली. "तोही अर्धा कप."

तो खदखदून हसला. आणि हसता हसता पाच कप मांडायला लागला. "माझी आई डच आहे," तो म्हणाला. "हानेका. आता गावात गेलीय, येईलच. बाबा इथलेच, मासेमारीच्या बोटीवर असतात. त्यामुळे घरात कायदा आईचा. हो म्हणजे हो, नको म्हणजे नको. लहानपणी मी शेजाऱ्यांकडे पहिल्याच हाकेला केक घ्यायचो, तर गावभर झालं होतं की कॉन्सिडिनचा पोर घरी उपाशी असतो."

"म्हणजे तुला आमची रीत ठाऊक आहे. तरी किटली घेऊन गेलास?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. आवाज जरा खाली आला. "पण मला वाटतं, माणसाने एक गोष्ट सांगितली आणि समोरच्याने ती खरी मानली, असं कधीतरी व्हावं ना. तू नको म्हणालीस, मी ऐकलं. तू हो म्हणशील, तेही ऐकेन. तुझ्या शब्दाची खेचाखेची करणं मला नाही जमत."

मुरिनने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. असं तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी किल्केनीच्या एका मोठ्या रोपवाटिकेने तिला बोलावलं होतं, चांगल्या हुद्द्यावर. ती म्हणाली, "अय्या नको, माझ्यापेक्षा हुशार कुणीतरी बघा ना." आणि त्यांनी बघितलं. कितीतरी दिवस ती फोनजवळ बसून होती, ते पुन्हा विचारतील म्हणून. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. टायगला सांगितलं. का सांगितलं, देव जाणे.

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय. स्ट्रॉबेरी खुडते."

जूनमधली संध्याकाळ तिकडे संपता संपत नाही. जेवण झालं, पाऊस थांबला, आणि करड्या सपाट खडकांवर असं ऊन पडलं की जमीन धुऊन वाळत घातल्यासारखी दिसायला लागली. टायग शेळ्या आणायला निघाला. मुरिन बरोबर गेली; आत्यानेच पाठवलं. "जा गं, पाय मोकळे होतील," असं म्हणताना तिने मॅटींकडे बघून डोळा मारला.

खडकांच्या भेगांतून निळी इवलीशी फुलं उगवली होती. मुरिन एका भेगेपाशी बसली आणि त्याला त्या फुलाबद्दल सांगत सुटली. मुळं कशी खोल जातात, दगड दिवसभराची ऊब कशी धरून ठेवतो, म्हणून थंडीतही हे कसं तगतं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की तो फुलाकडे बघतच नाहीये.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय की. मुळं खोल जातात."

"आणि?"

"आणि तुझ्या नाकावर माती लागलीय."

तिने नाक पुसलं. चुकीच्या बाजूने. त्याने हात पुढे केला, मग थबकला... आणि नुसतं आपल्याच नाकाला बोट लावून जागा दाखवली. एवढंच. पण परत घराशी येईपर्यंत मुरिनचं बोट पुन्हा पुन्हा नाकाकडे जात राहिलं.

फाटकापाशी तो उभा राहिला. एका शेळीचा कान कुरवाळत म्हणाला, "रविवारी किलफेनोराला नाच आहे. तुम्ही रविवारीच परत निघणार ना? येशील का... माझ्याबरोबर?"

हो, हो, हो, असं तिच्या आत कुणीतरी ओरडत होतं. आणि तिच्या तोंडाने काय म्हणावं?

"नको रे, कशाला उगाच. बाबांना घाई असते, खुडणीचे दिवस आहेत..."

"बरं," टायग म्हणाला.

ती थांबली. शेळी थांबली. फुशियाच्या कुंपणात एक पाखरू दोनदा शिट्टी घालून उडून गेलं. विचार ना, ती मनातल्या मनात म्हणत होती, अजून एकदा विचार ना रे. त्याने फाटक उघडून धरलं, तिला आत जाऊ दिलं आणि म्हणाला, "पायरी निसरडी आहे, सांभाळ." एवढा चांगला माणूस आणि एवढा मठ्ठ कसा असू शकतो, हे तिला कळेना.

सकाळी न्याहारीला मॅटींनी टायगला अख्खा मार्ग समजावून सांगितला. किनव्हारावरून गॉलवे, मग माम, दुपारी लीननला सूप, तिथून डूलोच्या दरीतून लुईसबर्ग. कोणत्या वळणावर गाडी किती हळू घ्यायची, तेही. आमच्याकडच्या पुरुषांना प्रेमाचं सांगता येत नाही, पण रस्त्याचं विचारा. न्याहारी थंड होईल. टायग लक्ष देऊन ऐकत होता. हानेका सगळ्यांना एकदाच विचारून वाढत होती, आणि किन्सेला मंडळी आता शहाणी होऊन पहिल्याच वेळी ताटली पुढे करत होती. मुरिन सोडून. ती उपाशीच गाडीत बसली.

निघताना आत्या म्हणाली होती, "मुरिन, कुंपणाखालून त्याला घेऊन ये गं." मुरिन गेली. कुंपणापलीकडे टायग धारा काढत बसला होता, तिच्याकडे पाठ करून. काहीतरी गुणगुणत होता. ती जरा वेळ बघत उभी राहिली, आणि मग तशीच वळली. रिकाम्या हाताने.

हे लक्षात आलं ते थेट लीननला. खाडीकाठच्या खानावळीत सूप समोर आलं, आत्याने गाडीच्या सीटवरून उचलून आणलेली टॉवेलची गुंडाळी उलगडली, आणि आत निघालं काय, तर मुरिनची रेनकोटची टोपी.

"उद्या लग्न," आत्या पांढरीफटक पडली. "आणि बाळयेशू क्लेअरमध्ये. आता तिथे लख्ख ऊन पडणार, शेळ्यांसाठी."

"मी कशी विसरले गं..." मुरिनला रडूच फुटायचं बाकी होतं.

"विसरलीस की ठेवून आलीस?" आत्याने तिच्याकडे बारीक नजरेने पाहिलं. मुरिनचे कान लाल झाले. खरं सांगायचं तर तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात खानावळीचं दार उघडलं. चीजचं लाकडी खोकं छातीशी धरून टायग आत आला. खोक्यात गवत, गवतात बाळयेशू, आणि त्याच्या झग्याची एक कड जराशी चघळलेली.

"तुमच्या नंबरावर फोन केला, बंद लागला," तो आत्याला म्हणाला.

"बॅटरी वाचवते मी," आत्या म्हणाली. तिने बाळयेशू उराशी धरला. मान जागेवर आहे ना ते आधी पाहिलं. तिचा जीव भांड्यात पडला. "अरे पोरा, एवढ्या लांब आलास."

"रस्ता पाठ होता," टायग मॅटींकडे बघून म्हणाला. मॅटी एवढे फुलले की खुर्ची सरकवून त्यांनी त्याला जागा केली.

"चहा घेणार ना?" ब्रीडाने विचारलं.

"हो, घेणार. दोन चमचे साखर. आणि तो स्कोन कुणी खाणार नसेल तर तोही."

ब्रीडाच्या हातातला चमचा तिथेच राहिला. पण मग ती हसली आणि स्कोनला स्वतः लोणी लावून दिलं. माणसाला काय हवं ते त्याने सांगून टाकलं की समोरच्याचं काम किती सोपं होतं, हे तिला या वयात प्रथमच कळत होतं.

आत्या म्हणाली, "उद्या लग्नाला ये बाबा तू."

"खरंच बोलावताय की रीत म्हणून?"

हा प्रश्न आत्याला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने क्षणभर विचार केला. "खरंच," ती म्हणाली.

टायगने कप खाली ठेवला. मुरिनकडे वळला. तेच सरळ डोळे. "तू सांग," तो म्हणाला. "तुला मी यायला हवाय का?"

तिने सगळ्यांकडे पाहिलं. आई बघतेय, बाबा बघतायत, आत्या तर डोळ्यांनी ढकलतेच आहे. चारचौघांत, भर दुपारी, सुपाच्या वाडग्यासमोर बसून असं कुणी हो म्हणतं का? तिच्या घशात शब्द आला... आणि जिभेवर येईपर्यंत त्याचा भलताच झाला.

"अरे नको, तुला किती त्रास. एवढं लांब, आणि शेळ्यांचं कोण बघणार..."

त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. अगदी थोडंसं. "बरं," तो म्हणाला. चहा संपवला, मॅटींचा हात हातात घेतला, डोनलला शुभेच्छा सांगितल्या, आणि गेला. खिडकीतून त्याची निळी व्हॅन मामच्या रस्त्याला वळताना दिसली.

गाडी खाडीकाठाने पुढे निघाली. पुन्हा पावसाची रिपरिप सुरू झाली होती.  मागच्या सीटवर मुरिन काचेला कपाळ टेकून बसली होती, आणि काचेवरून बाहेरून पाणी ओघळत होतं आणि आतूनही.

"बोलणाऱ्याची माती खपते," आत्या हवेशी बोलल्यासारखी म्हणाली, "आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं."

"तो पुन्हा विचारेल असं वाटलं मला," मुरिन हुंदक्यातून म्हणाली. "आत्या, मला तो हवा होता गं लग्नाला. मला तो... हवा आहे."

"मग हे त्याला सांगायचं होतंस, मला काय सांगतेस?"

"मीच शिकवलं तिला," ब्रीडा पुढून म्हणाली. तिने नकाशा मिटवला. "पहिल्यांदा नको म्हण, दुसऱ्यांदा नको म्हण. पण विचारणारा उठून घरी गेला तर काय करायचं, ते शिकवलंच नाही."

मॅटींनी आरशातून लेकीकडे पाहिलं. वायपर फिरत होते. मग ते म्हणाले, "तुझ्या आईला मी किती वेळा विचारलं ते मलाच आठवत नाही. दर रविवारी चर्चबाहेर उभा राहून विचारायचो. पण मला काय, दुसरा उद्योग नव्हता. त्या पोराला शेळ्या आहेत."

"फोन करू का?" मुरिन एकदम उठून बसली. पण डोंगरांच्या त्या बेचक्यात रेंज कुठली. फोन वर धरला, खिडकीबाहेर धरला. काही नाही.

आता मॅटी किन्सेला म्हणजे असा माणूस, की ज्याने एकदा धरलेला रस्ता कधी सोडला नाही. चुकला तरी सोडला नाही. चुकलाच नाही असं म्हणायचा. त्या माणसाने धबधब्याजवळच्या पुलाशी गाडी थांबवली, अंग वळवून मागे पाहिलं, आणि त्या अरुंद रस्त्यावर पुढे-मागे, पुढे-मागे करत डिकीतल्या बटाट्यांसकट गाडी उलटी फिरवली.

"मॅटी," ब्रीडा म्हणाली, "तू मागे फिरलास."

"मागे कुठे," मॅटी म्हणाले. "मामचा रस्ता नीट बघायचा राहिला होता."

लीनन मागे पडलं. मामच्या वाटेवर डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले, ढग खाली उतरले. मुरिनच्या हातातल्या रुमालाची पार सुरळी झाली होती. तो किती पुढे गेला असेल, कुठला फाटा घेतला असेल, आणि भेटलाच तर... तर काय म्हणायचं?

रस्ता मेंढ्यांनी अडवला होता.

काळ्या तोंडाच्या, पाठीवर निळा रंग फासलेल्या डोंगरी मेंढ्या, रस्त्याच्या मधोमध आरामात बसलेल्या. आणि त्यांच्यासमोर थांबलेली निळी व्हॅन. टायगने ना हॉर्न वाजवला होता, ना खाली उतरला होता. मेंढ्यांना उठायचं नाहीये ना, मग बरं, अशा थाटात बसून होता.

"जा," आत्या म्हणाली. पण मुरिन आधीच उतरली होती.

टोपी नाही, छत्री नाही. केस गालाला चिकटले. तिने व्हॅनच्या काचेवर टकटक केलं. काच खाली आली. या वेळी खिडकीत वाकली होती ती.

"काही राहिलं का?" त्याने गोंधळून विचारलं.

"हो." ती धापा टाकत होती. "चहा. काल मला चहा हवा होता. मी नको म्हणाले, पण हवा होता. दूध भरपूर."

"बरं," टायग हळूच म्हणाला.

"नाचालाही यायचं होतं. फाटकापाशी मी थांबले होते, तू पुन्हा विचारशील म्हणून. आणि आत्ता खानावळीत... तू मला हवा होतास. म्हणजे यायला. म्हणजे..." तिने डोळे मिटले आणि सांगून टाकलं. "म्हणजे तू मला हवा आहेस. उद्या लग्नाला ये. माझ्याबरोबर."

मेंढ्या रवंथ करत होत्या. पाऊस व्हॅनच्या टपावर वाजत होता. टायग तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"नको," तो म्हणाला.

मुरिनने खिडकीची कड घट्ट धरली.

"कशाला उगाच," तो अगदी ब्रीडाच्या सुरात म्हणाला, "तुम्हाला त्रास."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं, आणि रडू आणि हसू दोन्ही एकदमच आलं. "टायग कॉन्सिडिन," ती म्हणाली, "ये ना लग्नाला."

"छे छे. मी अगदी ठीक आहे."

"येतोस का लग्नाला? शेवटचं विचारतेय हं."

"बरं," टायग म्हणाला, "तुम्ही करतच असाल लग्न... तर येतो." आणि या वेळी त्याने हात पुढे केला, थबकला नाही, आणि तिच्या नाकावरचा पावसाचा थेंब अंगठ्याने पुसला. त्याच्या बोटांना अजून चीजचा वास होता.

"आणि शेळ्या?" तिने पुटपुटत विचारलं.

"आई बघतेय. रविवारपर्यंत."

तेव्हा तिचं लक्ष मागे गेलं. व्हॅनमध्ये, चीजच्या खोक्यांच्या वर, हँगरला लावलेला निळा सूट डुलत होता. नीट इस्त्री केलेला.

"हे काय?"

टायगचे कान लाल झाले. "आई म्हणाली, घेऊन जा. मी नको म्हटलं." तो हसला. "तिने ऐकलं नाही. जन्मात पहिल्यांदा."

मागे गाडीची काच खाली सरकली. आत्याने एका हातात बाळयेशू बाहेर धरला होता. एवढ्यातच कामाला लावला होता त्याला. दुसऱ्या हातात थर्मासचं झाकण, वाफाळणारं.

"ए पोरांनो," ती हाक मारून म्हणाली, "भिजून चिंब झालात. चहा घेणार का कुणी?"

ब्रीडाने सवयीने मागे वळून आत्याला बोटाने ढोसलं, म्हणजे लेक नको म्हणेल तेव्हा पुन्हा विचारायची आठवण राहावी. मॅटी समोरच्या मेंढ्यांना स्टिअरिंगवरून एक बोट उचलून दाखवत होते.

"हो," मुरिन म्हणाली. "घेते." आणि गाडीकडे जाऊन तिने दोन्ही हातांनी कप घेतला.